दुसरा बोळा

एकाहत्तरच्या हंगामात आम्ही नवरा-बायको पाथर्डीहून कोपरगावला ऊसतोडीला आलो होतो. सकाळी डॉक्टरांनी माझी अक्कलदाढ उपटली. दिवसभर कापसाचा बोळा दाबून धरायचा, बोलायचं नाही. दुपारी कारखान्याच्या चढावर उसाची गाडी मागं सरकू लागली. खाली भरलेला कालवा. माझ्या आरोळीशिवाय बैल हलत नाहीत, ही माझी घमेंड. आता नुसत्या चाबकाला दाद देईनात. तेवढ्यात बायकोनं उसावरून उडी मारली, बैलाच्या वशिंडावर हात ठेवला आणि माझीच आरोळी ठोकली, "चल रं माज्या वाघा, हुर्रर्र!" तोच खर्ज, तोच हेल. बैलांनी माना खाली घालून गाडी वर ओढली. "शाब्बास!" दहा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघालं, बोळा पडला, रक्त ओघळलं. पदराच्या गाठीतला दुसरा बोळा माझ्या तोंडात कोंबत ती म्हणाली, "बैलांनी ऐकलं, आता तुमी बी ऐका!"