सगळे खाली

अग्निशमन दलातून निवृत्त झाल्यावर सूचनाकाकांनी अख्ख्या इमारतीला शिस्त लावली. संकट काय सांगून येतं? प्रत्येकाने जादा किल्ली शेजारच्या घरी ठेवायची, आणि शिट्टी वाजली की हातात काहीही न घेता, दार ओढून खाली पळायचं.

रविवारी सकाळी काकांनी शिट्टी फुंकली. कुणी गालाला दाढीचा फेस लावून आलं, कुणी एकाच पायात चप्पल घालून. पण दोन मिनिटांत इमारत रिकामी! फक्त काकू आल्या नाहीत. "केस धुतेय मी," त्या वरून ओरडल्या, "तुमची आग जरा थांबवा."

काकांनी वहीत नोंद केली आणि खणखणीत आवाजात वाचूनही दाखवली, "आमची ही: जळून खाक!" हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

मग मंडळी वर निघाली आणि जिन्यातच थबकली. दारं तर लॅचने बंद झालेली.

"आमची किल्ली शेजारी आहे," शिंपीदादा म्हणाले.

"आणि आमची आमच्या पलीकडच्या घरी," शेजारचे म्हणाले.

"अहो, माझं दूध गॅसवर आहे!" वरच्या मजल्यावरच्या बाई किंचाळल्या.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी खिसे चाचपले. तेही शिस्तीत रिकामे होते.



तेवढ्यात डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या काकू शेजारणीची किल्ली बोटावर फिरवत दारात आल्या आणि म्हणाल्या, "जळून खाक झालेल्या बाईने कुलपं उघडलेली चालतील, की आधी वहीत खाडाखोड करताय?"