सगळ्यात सुरक्षित जागा

सकाळी अकराला सर्व्हरची डिस्क बंद पडली आणि बावीस जणांचा आठ वर्षांचा कोड तिच्यासोबत गेला. लॅपटॉपवर प्रत ठेवायला आमच्याकडे सक्त मनाई, त्यामुळे सगळी भिस्त बॅकअपवर होती.

सर्व्हर सांभाळणाऱ्या काकांनी बॅकअपची डिस्क नव्या सर्व्हरला जोडली. स्क्रीनवर एकच ओळ आली : 'पासवर्ड टाका.'

"टाका बाईसाहेब," काका मला म्हणाले. "मागच्या महिन्यात माझी चिठ्ठी तुम्हीच टराटरा फाडलीत ना? 'काका, पासवर्ड असा स्क्रीनला चिकटवतात का? येणारा-जाणारा वाचेल!' केवढं लेक्चर दिलं होतंत!"

चिठ्ठी फाडून त्याच दिवशी मी बॅकअपला नवा पासवर्ड लावला होता. चाळीस अक्षरांचा, कुणाच्याही लक्षात न राहणारा. त्यातलं पहिलं अक्षरसुद्धा मला आता आठवत नव्हतं.

अख्खी टीम माझ्या खुर्चीमागे उभी होती.

"कुठे लिहून ठेवलायस की नाही?" साहेबांनी विचारलं.

"ठेवलाय, सर. सगळ्यात सुरक्षित जागी."

"मग काढ की! वाट कसली बघतेस?"



तो मी बंद पडलेल्या सर्व्हरवर, कोडच्याच फोल्डरमध्ये ठेवला होता. म्हणजे रोज त्याचाही बॅकअप होईल.