बाधित माणसं

“बाधित माणसं शून्य. लिहून टाका,” जीप थांबायच्या आधीच श्रीनिवासराव म्हणाले.

“रान तरी बघू द्या, सर,” प्रेरणा म्हणाली.

खटकचिंचोळीच्या बाहेर नवी वसाहत उठणार होती. तिच्यामुळे कुणाचं पाणी तुटेल, कुणाची वाट मोडेल, हे पाहून अहवाल द्यायला प्रेरणाला भालकीच्या कचेरीतून पाठवलं होतं. रान श्रीनिवासरावांचं. ते बीदरला मास्तर झाले, तिथेच निवृत्त झाले, आणि रान पडीक पडलं. आता ते ‘कुणाच्याही वापरात नाही’ असं ठरलं की व्यवहार पक्का. व्यवहार पक्का झाला की पुण्यात मुलाचा, श्रीनाथचा, फ्लॅट पक्का. श्रीनाथ सकाळपासून फोन करत होता. श्रीनिवासराव फोन उचलत, “होतंय, होतंय,” म्हणत आणि ठेवत.

दिवस त्यांनीच निवडला होता. येळवस. या अमावस्येला अख्खं गाव दारांना कुलपं घालून रानात जेवायला जातं. हरकत घ्यायला गावात कुत्रंही उरत नाही. आणि जो तो आपापल्या रानात असल्यावर श्रीनिवासरावांच्या रानात कोण? कुणी नाही. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. उत्तर चुकायचं कारण नव्हतं.

“बघा,” प्रत्येक कुलपाकडे ते अशा थाटात बोट दाखवत होते, जसं काही तेही त्यांनीच लावलं होतं.

बांध ओलांडला आणि चिंचेखालून धूर दिसला. चिंचेला टेकून कडब्याची कोप उभी होती. कोपीत एक म्हातारी पूजा आवरत होती. बाहेर पंगत बसली होती. चांगली लांबलचक.

प्रेरणाने श्रीनिवासरावांकडे पाहिलं. श्रीनिवासरावांनी घड्याळाकडे पाहिलं.

“कुणाला विचारून बसलात इथे?”

डाळी-भाज्यांची दाट भज्जी वाढणारी चांगुणाबाई पळी तशीच धरून निरखत राहिली. मग नवऱ्याकडे वळली. “अवो, उठा की. मालक आलेत.”

पिराजी धोतराला हात पुसत उठला. “आमाला कुठलं रान, मालक? दुसऱ्याच्या बांधावर पाव्हणं म्हनून किती साल बसावं? तुमचं मोकळं दिसलं. आमचा ल्योक नागसेन रांगत होता तवापासनं इथंच येतो. येळवशीपुरतं एवढं एक रान आमचं.”

रान असलेले आपल्या रानात जातात. नसलेले कुठे जातात, हा हातचा मास्तरांनी धरलाच नव्हता.

“हे रान विकायलोय मी,” ते म्हणाले. गावची बोली तोंडात कधी आली, त्यांना कळलं नाही.

पंगतीतले घास हातातच राहिले. चांगुणाबाईची पळी मात्र थांबली नाही.

“विका की. तुमचं हाय. पर आधी जेवा. कामून उभारलाव? पान कवाचं वाढून ठिवलंय.”

“कुणाचं पान?”

तिने कोपीकडे मान उडवली. दारातच एक पत्रावळ वेगळी मांडलेली होती. बाजरीचे उंडे, भज्जी, आंबट भात, शेजारी आंबिलीचं मडकं.

“मालकाचं. ज्याची माती, त्येचं पान पयलं. दरसाल वाढतो.”

“मी तर कधी आलो नाही. मग खातं कोण?”

“गाय. आज तिला उपास.”

पंगत हसली. येळवशीचं जेवण कुणी नाकारत नाही. श्रीनिवासराव जरा वेळ बुटाची नाडी सोडत बसले, मग मांडी घालून पानावर बसले. उंडा मोडला. भज्जीला चिंचेची आंबटाई होती. खिशातला फोन पुन्हा वाजला. उजवा हात भज्जीत होता. डाव्याने त्यांनी तो चाचपून गप्प केला.

“लेकी, तू बी टेक,” चांगुणाबाई प्रेरणाला म्हणाली. “लिवणं काय पळून जायलंय व्हय?” मग आंबिलीचा पेला भरता भरता, कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखं म्हणाली, “फुडल्या येळवशीला गाईला सांगाया लागंल, दुसरं रान बघ बाई म्हनून.”

या वेळी कुणी हसलं नाही.

प्रेरणा पान पुढ्यात घेऊन बसली. पहिला घास घेण्याआधी तिने हळूच विचारलं, “सर, आज संध्याकाळी अहवाल द्यायचाय. बाधित माणसं… शून्यच लिहू ना?”

श्रीनिवासरावांनी मान वर केली. पंगत चिंचेच्या सावलीबाहेर पार उन्हापर्यंत लांबली होती, तिथपर्यंत त्यांनी नजर नेली आणि परत आपल्या पत्रावळीवर आणली.

“मोजा,” ते म्हणाले. “मालकाचं पान धरून.”