कोपर आत

वजन वर गेलं आणि सुनेत्राच्या उजव्या खांद्यात कट् असा आवाज झाला.

तिने श्वास रोखला. समोर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर तिचे बाबा बसले होते. त्यांना ऐकू गेलं नसावं.

"कोपर आत!" बाबा ओरडले. "कमरेतून उचल. नुसती हातानं ओढून राहिली तू."

"हाँ बाबा."

डालड्याच्या डब्यात सिमेंट ओतून, वर सळईची मूठ बसवून बाबांनीच ते वजन तयार केलं होतं. आलमबाग या हिंदी बोलणाऱ्या वस्तीतल्या त्यांच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर रोज पहाटे, ऊन चढायच्या आत, दोघांचा सराव चाले. पुढच्या आठवड्यात गोळाफेकीची ट्रायल होती. निवड झाली तर सुनेत्राला रेल्वेत नोकरी लागणार होती, बाबांसारखीच, पण कारखान्यात नाही, ऑफिसात.

तिने वजन पायांमधून मागे नेलं आणि वर उचललं. कोपर पुन्हा बाहेर गेलं. ती मुद्दामच जाऊ देत होती. कोपर आत ठेवून हात सरळ वर नेला की अगदी टोकाला खांदा क्षणभर जागेवरून सरकायचा. त्या क्षणी हात तिचा राहायचा नाही. दुखण्याचं तिला एवढं काही नव्हतं. त्या क्षणाची मात्र तिला रात्री झोपतानाही भीती वाटायची.

"असा गोळा फेकशील तर पायावर पडेल," बाबा म्हणाले. "कोपर आत. पूर्ण वर. आणि थांबव तिथं."

आता नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तिने दात आवळले, कमरेतून झटका दिला, कोपर बरगडीला घासून वर गेलं. हात सरळ झाला. वजन डोक्यावर स्थिर झालं.

"शाब्बास! हे असं. आण खाली."

हात खाली येईना.

तिने कोपर वाकवायचा प्रयत्न केला. खांद्यापासून मानेपर्यंत आग गेली आणि हात तिथंच अडकून राहिला, कुणीतरी खिळा ठोकावा तसा.

"सुनी, खाली आण म्हटलं ना."

"बाबा, नहीं आ रहा."

"काय?"

"नहीं आ रहा. पकडो ना, बाबा."

उजवीकडे गच्चीचा बुटका कठडा होता आणि त्याच्या खाली नळावर बायांची गर्दी. बादल्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. समोर बाबा, आणि तिचे स्वतःचे अनवाणी पाय. सोडायचं कुठं? बोटं बधिर व्हायला लागली.

बाबा दोन ढांगांत तिच्यापाशी आले. त्यांनी दोन्ही हात वर केले. डावा वजनाला लागला. उजवा खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला. त्यांनी तो पुन्हा वर रेटला. तो तिथून वर जाईना. एका हातावर ते वजन पेलणं त्यांना जमेना.

सुनेत्राने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाबा घाबरलेले तिने कधी पाहिले नव्हते.

जिन्यापाशी आई, सुभद्रा, रात्रीची अंथरुणं गुंडाळत होती. तिने वर पाहिलं. गुंडाळलेली गादी तिने तशीच ओढत आणून सुनेत्राच्या मागे टाकली, वर दुसरी टाकली आणि बाजूला झाली.

"सोड, बाई. मागं सोड."

"आई, बोटं उघडत नाहीत."

बाबांनी डाव्या हाताने तिचा अंगठा मुठीवरून सोडवला. मग एकेक बोट. वजन मागे कलंडलं आणि धप्पकन गाद्यांवर पडलं. पायाखालची गच्ची हादरली.

"अरे, क्या गिरा भाई?" खालून कुणीतरी ओरडलं.

सुनेत्रा मटकन खाली बसली. डाव्या हाताने धरून तिने उजवा हात हळूहळू मांडीवर आणला. आता बोलणी बसतील म्हणून तिने घाईघाईने सांगून टाकलं, "ट्रायलला जाईन मी, बाबा. तेव्हापर्यंत ठीक हो जाएगा. पक्का."

"होळीपासून तिची वेणी मी घालून राहिली," आई म्हणाली. "हात मागं जात नाही तिचा. तुम्हाला सांगायला भीत होती." ती गादीवरची धूळ झटकत होती. झटकता झटकता थांबली. "आणि तुमचा हात कधीपासून वर जात नाही?"

बाबा कट्ट्यावर जाऊन बसले.

"झाले बरेच दिवस."

"कारखान्यात माहीत आहे?"

"वेडी आहे का तू?" गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांनी आवाज दबका केला. "कळलं तर मेडिकलला पाठवतील. अनफिट करतील."

"आज दवाखान्यात चला. दोघंही."

"हिला नेतो. माझं नाव काढू नको तिथं."

ऊन टाकीपर्यंत आलं होतं. बाबा उठले आणि सुनेत्राजवळ उकिडवे बसले. पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "कोठं दुखते?"

सुनेत्राने डावा हात उचलला. स्वतःच्या खांद्याकडे न नेता तिने तो पुढे केला आणि बाबांच्या खांद्यावर, हाडाच्या खालच्या खळगीत, एक बोट टेकवलं.

"इथं," ती म्हणाली.

बाबांनी डोळे मिटून घेतले.