भंडारा उचलल्यावर

"दोन्ही डोळे मिट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बेबीनंदाचा डावा मिटला. उजवा उघडाच राहिला. कपाळाला आठ्या घाल म्हटलं, तर त्याही डावीकडंच पडल्या. ओठ डाव्या गालाकडं ओढलेला.

"कधीपासून?"

"भंडारा उचलल्यापासून," तिचा बाप भिवा म्हणाला अन् खाली बघू लागला.

झालं असं, की नणंदेची सोन्याची पोत हरवली अन् आळ बेबीनंदावर आला. केदारखेड्यात असल्या गोष्टीसाठी पोलिसाकडं कोण जातं? खंडोबापुढं भंडारा उचलून शपथ घ्यायची. खोटं बोललं की देव तोंड वाकडं करतो. बेबीनंदानं बेधडक उचलला, कारण पोत तिनं घेतलीच नव्हती. थोड्याच दिवसांत तोंड वाकडं झालं. सासू बायनाबाईनं तिला माहेरी हाकललं अन् अंगावर पिणारी पोर ठेवून घेतली. नवरा रायभान गप्प बसला. असल्या गड्याला काय म्हणावं?

डॉक्टरीणबाईंनी देवाचं काही विचारलं नाही. गोचीड चावली होती का, एवढंच विचारलं.

"चावल्ती," बेबीनंदा वाकड्या तोंडानं कसंबसं बोलली. "डोंगरात मेंढरं चारून राह्यलो होतो तवा. मांडीला. मंग लाल चट्टा गोल पसरत गेल्ता."

मणक्यातून पाणी काढलं. ते तपासायला मुंबईला गेलं. रोग सापडला. लाइम त्याचं नाव. गोचिडीतून अंगात शिरलेला अन् चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचलेला.

"यात तुझा काही दोष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हा कुठं बेबीनंदा रडली. इतके दिवस हे कुणीच म्हटलं नव्हतं.

शिरेतून इंजेक्शनं सुरू झाली. हळूहळू डोळा मिटायला लागला, तोंड जागेवर आलं. आता कुणाची बिशाद आहे, असं भिवाला वाटलं. तो लेकीला घेऊन थेट केदारखेड्याला गेला.

बायनाबाई ओट्यावर नातीला घेऊन बसली होती. पोरीला बघून बेबीनंदा हसली, दोन्ही गालांनी हसली. भिवा गोचीड, नस, पाठीतलं पाणी, सगळं सांगत होता. शेजारणी जमल्या. बायनाबाईनं सुनेची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडं वळवला, दोन्ही बाजू बराबर बघून घेतल्या. मग पोरीला उचलून आत सुनेच्या नजरेआड ठेवून आली.

"सरळ झालं की," ती म्हणाली. "म्हंजी देवापुढं कबूल करून आलीस. आता आम्हाला सांग, पोत कुठंय?"