वापरलेला चाकू

घडीच्या चाकूंचं प्रदर्शन भरतंय म्हटल्यावर रोपवाटिकेतल्या काकू वडिलांचा शिंगाच्या मुठीचा चाकू घेऊन हौसेने गेल्या. चाळीस वर्षं कलमं करून आणि दगडावर घासून घासून त्याचं पातं निम्मं झालं होतं.

संग्राहक मंडळाच्या अध्यक्षांनी तो मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरला. "काय वाट लावलीत याची, काकू! संग्रहातल्या चाकूने काही कापायचं नसतं. वापरलेला चाकू आमच्याकडे चालत नाही."

काकूंनी चाकू मिटला, पण घरी जातील तर त्या काकू कसल्या! दाराशीच खुर्चीवर ठाण मांडून बसल्या.

उद्घाटनाच्या पाहुण्या आल्या, फीत ताणली गेली, आणि कात्री आणायला सगळेच विसरलेत हे लक्षात आलं. अध्यक्षांनी काचेमागचा सगळ्यात चकचकीत चाकू काढून दिला, तर फीत नुसतीच मुरगळली. दुसरा दिला, तिसरा दिला. धार एकालाही नव्हती. शेवटी ते घाम पुसत काकूंकडे धावले. "काकू, तुमचा चाकू द्या ना जरा!"

काकूंनी चाकू उघडला, पिशवीतलं सफरचंद साल कुठेही न तुटू देता सावकाश सोललं आणि म्हणाल्या, "वापरलेला आहे हो. तुमच्याकडे कुठे चालतो?"