वाढवलेला अंगठा

कासारणीनं कुंदाचा उजवा हात दाबला, पिळला आणि सोडून दिला. "दोन अंगठ्यांवरून चुडा कसा भरू, ताई? एक काढून आणा आधी."

नारळावर झपझप चढता यावं म्हणून कुंदानं त्या हाताला कोआलासारखा दुसरा अंगठा उगवून घेतला होता. लग्न उद्यावर आलेलं. चुड्याशिवाय सासरकडचे तिला बोहल्यावर उभी करणार नव्हते.

दवाखान्यात नुसतं मशीन होतं. पण लग्नघरच्या बाईनं 'कापा' कसं म्हणायचं? बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतात. म्हणून आई मशीनला म्हणाली, "पोरीचा अंगठा वाढवायचाय."

कुंदा शुद्धीवर आली तेव्हा हात खांद्यापर्यंत बधिर होता. तिनं त्यावरचे अंगठे मोजले. तीन.

"घे. बोल अजून शुभ-शुभ," ती म्हणाली.

आईनं तिचा हात हातात घेतला. नवा अंगठा तान्ह्या बाळासारखा लागेल ते पकडत होता. त्यानं आईचं मनगट आवळलं. कुंदाला काहीच जाणवलं नाही, फक्त काच फुटल्याचा आवाज आला.

"माझी बांगडी वाढवलीस गं," आई सवयीनं म्हणाली.

मशीननं विचारलं, "अजून वाढवू?"